भमरो, भुंगा आणि एक राणी

कडोदऱ्याला वसंत कसा येतो असं कुणी विचारलं तर सांगणं जरा कठीणच आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या चार रस्त्यावर बाराही महिने एकच ऋतू असतो, ट्रकांचा. एका अंगाला डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांची धुरांडी, दुसऱ्या अंगाला उसाची शेतं. चलथाणचा साखर कारखाना चालू असला की संध्याकाळच्या वाऱ्यावर मळीचा आंबूस वास येतो. बदली होऊन इथे आलो त्या पहिल्या फाल्गुनात शिगम्याचे ढोल ऐकू येत नाहीत म्हणून मी खट्टू होऊन बसलो होतो. पण ह्या गावालाही त्याचा वसंत आहे. होळीच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूने घूंऽऽ असा जाड आवाज यायला लागतो. दूर कुठेतरी कुणी शिवणयंत्र चालवत असावं तसा. तो आला की समजायचं, भमरो आला.

मागच्या बाजूला एका मंडप-डेकोरेशनवाल्याचं आवार आहे. कुंपणाशी शेवग्याचं एक वाढलेलं झाड, ज्याला इथे सरगवो म्हणतात आणि आमच्याकडे मशिंग. झाडाखाली बांबूंच्या मोळ्या रचून ठेवलेल्या. माझ्या स्वयंपाकघराच्या गॅलरीतून हे सगळं दिसतं. सरकारी कारकुनाच्या घराला याहून चांगला देखावा मिळत नाही, तेव्हा सकाळच्या चहाबरोबर मी तोच बघतो. मशिंग फुललेलं असतं आणि त्या पांढुरक्या फुलांच्या घोसांत काळे ठिपके लोंबकळत असतात. अंगठ्याच्या पेराएवढे. उन्हात पंखांवर निळी-जांभळी झाक मारते, मोरपिसासारखी.

गुजराती भाषेत ह्याला भमरो म्हणतात आणि मुलं फिरवतात त्या भोवऱ्याला भमरडो. आपल्या मराठीत भुंगा वेगळा आणि भोवरा वेगळा, पण मूळ तेच, भ्रम् म्हणजे फिरणं. संस्कृतातला भ्रमर ह्या एका धातूतून निघाला आणि एका प्रांतात किडा होऊन उडाला, दुसऱ्यात खेळणं होऊन जमिनीवर गरगरला, तिसऱ्यात नदीच्या पाण्यात शिरला. त्याचं आणखी एक गमतीदार नाव आहे, द्विरेफ. ‘भ्रमर’ ह्या शब्दात दोन र आहेत म्हणून द्विरेफ! किड्याला सोडून किड्याच्या नावावरून नाव ठेवायचं, हे फक्त आपले संस्कृत पंडितच करू जाणे.

तर मागच्या मार्चात माझ्या मावसबहिणीचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला. ती इंग्लंडात स्विंडनला असते. स्विंडन कुठे हे गोंयकारांना आता नव्याने सांगायला नको. प्रत्येक वाड्यावरचं एखादं तरी घर तिथे पोचलेलं आहे. व्हिडिओत खिडकीच्या काचेवर एक गुबगुबीत, केसाळ, काळा-पिवळा किडा धडका देत होता. बाहेर पावसाळी अंधार. खाली लिहिलेलं: "भाई, पळय रे, रांदचेकुडींत कितें भितर सरलां!" (आमच्या घरात मी भाई. आणि गुजरातेत तर काय, सगळेच भाई. तेवढं एक घरच्यासारखं वाटतं.)

मी लिहिलं, "भुंगो."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "भुंगो न्हय, राणी."

शेजारच्या इंग्रज आजीबाईने तिला सांगितलं होतं. हिचं नाव बंबलबी. मारू नको, चमच्यात थोडं साखरपाणी दे, मध देऊ नको, आणि खिडकी उघडून सोड. हे बाई सोडून बसली आणि मी मात्र इथे वाचायला लागलो. आर्ट्सचा पदवीधर असल्यामुळे ह्या विषयातलं मला शून्य ज्ञान, पण ऑफिसात फायली वाचायची सवय आहे, तीच इथे कामी आली.

ही बंबलबीची राणी म्हणजे एक विलक्षण प्रकरण आहे. थंड मुलखात शरद संपता संपता त्यांचं अख्खं घराणं मरून जातं. म्हातारी राणी जाते, कामकरी माश्या जातात, नर जातात. उरतात त्या फक्त त्याच वर्षी जन्मलेल्या तरुण राण्या. नराशी संग झाला की प्रत्येक जण एकेकटी जमिनीत शिरते आणि सगळा हिवाळा मातीखाली निजून काढते. फेब्रुवारी-मार्चात थोडी ऊब आली की बाहेर पडते, आधी पोटभर फुलं चाटते आणि मग घर शोधायला निघते. उंदराचं सोडलेलं बीळ हे तिचं आवडतं घर. म्हणूनच ती जमिनीलगत, भिंतींच्या फटींतून, शेडमधून, उघड्या खिडकीतून नाक खुपसत हिंडते. जागा मिळाली की मेणाची एक इवलीशी कुपी करून त्यात मध साठवते, अंडी घालते आणि कोंबडीसारखी त्यांच्यावर बसते. उडण्याचे स्नायू पंख न हलवता थरथरवून ती अंगात ऊब आणते आणि अंड्यांना देते. पहिल्या मुली बाहेर येऊन कामाला लागेपर्यंत राणी, दाई, हमाल, पहारेकरी सगळं तीच. म्हणजे मार्चात स्वयंपाकघरात शिरलेली ती एक माशी चपलेने मारली की पुढचं अख्खं घराणं मारल्यासारखं. आजीबाई उगाच चमचा घेऊन धावत नव्हत्या. त्या देशात ह्या माश्यांसाठी २००६ सालापासून एक संस्थाच काम करते.

आपल्या शब्दकोशांत आणि भाषांतरांत बंबलबीला सरळ ‘भुंगा’ म्हणून मोकळे होतात. दिसायला भाऊबंद आहेत खरे, पण घराणं वेगळं. बंबलबीला थंडी लागते. भारतात ती भेटायची तर काश्मीर, हिमाचल, सिक्कीम असं वर हिमालयात जायला हवं. गोव्यात किंवा तापीच्या मैदानात ती नाही. आपला भुंगा म्हणजे सुतारमाशी. शास्त्रीय नाव झायलोकोपा, ग्रीक भाषेत ‘लाकूडतोड्या’. तिच्यात राणी नाही, दासी नाही, दरबार नाही. प्रत्येक मादी स्वतःचं घर स्वतः बांधते. कधी एखाद्या घरात आई आणि मोठी झालेली लेक एकत्र नांदतात, तेवढंच.

हे कळल्यावर मी मागच्या आवाराकडे जरा नीट पाहू लागलो. मशिंगावर खाऊन झालं की त्या बांबूंच्या मोळ्यांकडे उतरत. एखाद्या बांबूच्या पेराखाली चिकटायचं आणि जबड्याने कुरतडायला लागायचं. कान दिला तर करकर ऐकू येते. खाली भुशाचा बारीक ढीग साचतो. ती लाकूड खात नाही बरं का, वाळवीसारखी. खाणं फुलांवरचं, लाकूड फक्त घरापुरतं. कंपासने काढावं तसं गोल भोक पडलं की ती आत जाते. घट्ट लाकडात असेल तर आत शिरल्यावर काटकोनात वळून लाकडाच्या रेषेने लांब बोगदा करते. बांबूत आतली पोकळी आयतीच मिळते. मग पराग आणि मध कालवून एक पिवळा लाडू वळायचा, त्यावर एक अंडं ठेवायचं आणि भुशाची भिंत घालून ती खोली बंद करायची. पुढे दुसरा लाडू, दुसरं अंडं, दुसरी भिंत. एका ओळीत अशा मोजक्याच खोल्या. अंडी कमी, पण एकेक अंडं केवढं! किड्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या अंड्यांत ह्यांचा नंबर लागतो. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत महिन्याहून अधिक काळ जातो.

नराला असलं काही काम नसतं. तो बाहेर हवेत एका जागी तरंगत पहारा करतो. काही जातींत मादी काळी आणि नर चक्क पिवळसर सोनेरी असतो, वेगळाच किडा वाटावा असा. कुणी जवळ आलं की थेट तोंडासमोर येऊन उभा राहतो. आमच्या मजल्यावरच्या बायका किंचाळतात त्या ह्यालाच. पण नांगी असते मादीला आणि तीही हातात पकडल्याशिवाय सहसा चावत नाही. नराला नांगीच नाही. सगळा नुसता आव.

आता इथे मला ‘शाकुंतल’ आठवल्याशिवाय राहत नाही. गोव्यातल्या माणसाला नाटक आठवणारच. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, त्याच्या पहिल्याच अंकात तो भुंग्याचा प्रवेश आहे. शकुंतला झाडांना पाणी घालते, वेलीवरून भुंगा उठतो, तिच्या तोंडाभोवती फिरायला लागतो, ती घाबरते आणि झाडाआड उभा दुष्यंत त्या किड्याचा हेवा करतो. कालिदासाच्या मनात कुठली माशी होती ते कालिदासच जाणे. पण जर आपला हा भुंगा असेल आणि तो तोंडासमोरच घिरट्या घालत असेल, तर तो नर असण्याचाच संभव जास्त. म्हणजे शकुंतला विनाकारण घाबरली, आणि राजाने संधी साधली ती एका निरुपद्रवी पहारेकऱ्याच्या जिवावर! बाकी आपल्या काव्यांत भ्रमर म्हणजे कायमचा फुलपाखरी प्रियकर, ह्या फुलावरून त्या फुलावर. भागवतात गोपी त्याच्यावर राग काढतात तोही कृष्णासारखाच चंचल म्हणून. मागच्या अंगणात मात्र ह्या फुलावरून त्या फुलावर जाताना दिसते ती बहुतेक वेळा पोरांच्या शिदोरीसाठी पायांना पराग फासून धापा टाकणारी बाई असते.

भुंग्याचं घरकाम ज्याने पाहिलं होतं असा माझ्या माहितीतला थोर कवी एकच, ज्ञानेश्वर. १२९० साली नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात हा दृष्टांत येतो. कोरडं ठणठणीत लाकूड सहज भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत सापडला की अडकून पडतो, प्राण गेला तरी चालेल पण पाकळी चिरत नाही. स्नेह हा असा कोवळेपणानेच कठीण असतो, म्हणूनच अर्जुनासारख्या वीराला समोर नातलग दिसताच धनुष्य धरवेना. लहानपणी घरच्या पारायणात हे कानावरून गेलं होतं, पण ‘लाकूड भेदणारा’ ह्या भागाकडे माझं कधी लक्षच नव्हतं. कमळ आणि भुंगा इतकं ऐकलं होतं की लाकूड विसरून गेलो. ते लाकूड कल्पनेतून आलेलं नाही, कुठल्यातरी घराच्या वाशाखाली उभं राहून भुसा पडताना पाहिल्याशिवाय ते लिहिता येत नाही. आता शास्त्र सांगतं की खरा भुंगा लांब नळीच्या फुलात तोंड पोचलं नाही तर बुडाशी चीर पाडून मध पळवतो. पाकळीची एवढी काही भीडभाड त्याला नसते. म्हणून माउलींचा दृष्टांत उणा पडत नाही. अर्जुन कोवळ्यात अडकला होता हे तर खरंच आहे.

महाराष्ट्रातलंच भुंग्याचं आणखी एक आश्चर्य सांगतो आणि पुढे जातो. भीमाशंकरच्या जंगलात एक भुंगा चक्क रात्री उडतो. चंद्र नसलेल्या रात्रीसुद्धा. हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे प्रयोग केले आणि २००८ साली ते प्रसिद्ध केले: नुसत्या चांदण्यांच्या उजेडात ही माशी आपल्या घराच्या दारापाशी ठेवलेले रंग ओळखते. आपल्याला त्या उजेडात सगळं करडंच दिसतं.

कडोदऱ्याच्या लोकांचं आणि भमराचं नातं सरळ आहे. घरात शिरला की डास मारायची विजेची रॅकेट. आमच्या शेजारचे जळगावकडचे गृहस्थ तर रॅकेट घेऊन दबा धरून बसतात. मी त्यांना एकदा मशिंगाखाली उभं करून दाखवलं. शेवग्याच्या फुलाची शेंग व्हायला ह्या माशीचा मोठा हातभार असतो. वांग्याच्या फुलातले पराग तर मिठाच्या डबीत असावेत तसे बंद असतात, टोकाला बारीक भोक. भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो, तेव्हा ते भुरभुरतात. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. भरीत म्हणजे ज्यांच्या जिवाचा तुकडा, त्या जळगावकरांना हे पटायला वेळ लागला नाही. रॅकेट अजून आहे, पण आता ती फक्त डासांसाठी, असं ते म्हणतात.

आणि दर शनिवारी इथल्या हनुमानाच्या देवळाबाहेर आकडाच्या माळा विकायला असतात. आकडो म्हणजे आपली रुई. महामार्गाच्या कडेला, मिलांच्या कुंपणाशी, जिथे दुसरं काही उगवत नाही तिथे ती उगवते. तिच्या फुलाची रचना अशी विचित्र की परागांच्या पुड्या चिमट्यासारख्या माशीच्या पायाला अडकाव्या लागतात, आणि त्या ओढून काढायला अंगात जोर लागतो. ते काम मुख्यत्वे भुंगाच करतो. मारुतीच्या माळेमागे त्याचीही थोडी सेवा आहे.

खरा पेच मात्र बांबूंचा होता. एप्रिल-मेमध्ये लग्नं लागतात आणि मोळ्या टेम्पोत चढून गावोगाव जातात. आत लाडवावर बसलेल्या अळ्या असतात, त्याही जातात. मंडपवाले काका भले माणूस आहेत. त्यांना विचारलं तर हसून म्हणाले, "साहेब, ए तो दर वरसे आवे छे." मग गंभीर होऊन म्हणाले, "पण काणावाळो वांस मांडवमां नी चाले." भोक पडलेला बांबू वजन धरत नाही. वर पंखे, झुंबरं, खाली चारशे माणसं जेवत असतात. एक बांबू मोडला तर कुणाचं डोकं फुटायचं. हे ते बोलले तेव्हा मला माझ्या किडाप्रेमाची जरा लाजच वाटली. त्यांची अडचण माझ्या गॅलरीतल्या चहापेक्षा मोठी होती. ते दरवर्षी हंगामाआधी बांबू ठोकून पाहतात, भोकाचे बाजूला काढतात आणि चुलीसाठी देऊन टाकतात. मी एवढंच मागितलं की बाजूला काढलेले पावसाळा लागेपर्यंत तसेच राहू देत, मग काय ते जाळा. त्यांनी खांदे उडवले. सरगव्याच्या बुंध्याशी सात-आठ काणे बांबू उभे आहेत. आणखी एक गोष्ट काकांच्याच लक्षात आली: जुना, भोकांचा बांबू जवळ असला की ह्या माश्या आधी त्याकडे जातात, नव्याला कमी त्रास देतात. असं ते म्हणतात. मला त्यात तथ्य वाटतं, कारण तयार भोक पुन्हा वापरायची ह्यांना सवय असते.

घरी गोव्यात भुंग्याला कुणी मारल्याचं मला आठवत नाही. वासे, पाटे, दारांच्या चौकटी, सगळं लाकडाचं. कौलांखाली दर उन्हाळ्यात घूं चालायचं. तो माजघरात आला तर आजी म्हणायची, "कोण तरी घर पळोवंक आयलां." कोण, हे ती सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू. आता वाड्यावरची निम्मी घरं स्लॅबची झाली, दारं फायबरची, खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या. आमचं घर अजून कौलारू आहे ते धाकट्या भावाच्या कष्टामुळे. मी वर्षातून दोनदा जाणारा पाहुणा, मला मत द्यायचा फारसा हक्क नाही, हे मला माहीत आहे.

पण माटोळीच्या बाबतीत मी बोललो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट आमच्याकडे वर्षभर वरच आढ्याला असते. नारळ, आंबाडे, कांगलां, घागऱ्यो, सगळ्याचा भार ती घेते. तिच्या एका दांड्यात भुंग्याची तीन भोकं आहेत. आई म्हणते, ती भोकं भावाच्या जन्माआधीची. भावाने अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपची नवी माटोळी करून घेतली. हलकी आहे, वाळवीची भीती नाही, आणि भोक पडलेल्या दांड्याला नारळ टांगून खाली मूर्ती ठेवायची म्हणजे धोकाच. कडोदऱ्याच्या काकांचंच म्हणणं, कोंकणीत. त्याला काय उत्तर देणार? जुनी चुलीत घालू नको, एवढं मी फोनवर म्हटलं.

गेल्या चवथीला नवी टांगली. जुनी त्याने गोठ्याच्या वळचणीला, पाऊस लागणार नाही अशी, सुंभाने आडवी बांधून ठेवली. गोठ्यात आता गुरं नाहीत, स्कूटर असते. यंदा मार्चात त्याचा एक फोटो आला. स्कूटरच्या सीटवर पिवळा भुसा सांडलेला, आणि खाली एवढंच लिहिलेलं: "चौथें."